वेल्डिंग करूनही चासी त्याच जागी पुन्हा तडकते: पिकअपचा तडा वाचणे आणि कायमचा काढणे

तक्रार बहुधा एकाच चालीची असते. मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटपाशी चासीला तडा गेला, वेल्डिंग मारलं, वर पट्टी मारली, आणि तीन-चार महिन्यांत तडा परत हजर. कधी टाक्याच्या, म्हणजे वेल्डच्या रेघेच्या, कडेला, कधी पट्टी संपते तिथून दोन बोटं पुढे. मग आणखी जाड पट्टी, मग आतून-बाहेरून पट्टी. तडा पट्टीच्या पुढे पुढे सरकत राहतो आणि चासीची ठिगळांची गोधडी होते.

चिरेखाणीच्या उतारावर, खडी क्रशरच्या वाटेवर, उसाच्या फडातून सरीवरंबे ओलांडत चालणाऱ्या पिकअपना हा रोग जास्त. हौसेने डोंगरवाटा तुडवणाऱ्या फोर बाय फोर पिकअपनाही तो होतो, फक्त जागा थोड्या वेगळ्या. इलाज दोघांचा सारखाच सुरू होतो: ग्राइंडर हातात घेण्याआधी तडा नीट वाचायचा.

वेल्डिंग तिथेच का फुटतं

चासी एका दणक्यात क्वचित मोडते. ती थकते. प्रत्येक खड्ड्याला चॅनल थोडा वाकतो आणि परत येतो. असे लाखो हेलकावे झाले की जिथे ताण एकवटतो तिथे केसाएवढी चीर उघडते. वेल्ड केलेल्या जोडाचा थकव्याचा हिशेब फार कडक आहे. त्याचं आयुष्य ढोबळमानाने ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात चालतं. ताण सव्वापट झाला की आयुष्य निम्मं, दुप्पट झाला की आठवा हिस्सा.

१,७०० किलो क्षमतेची गाडी घ्या. ३२ किलोचा एक असे ५३ चिरे भरले की क्षमता संपली. त्यात ७० भरले तर वजन झालं २,२४० किलो, म्हणजे सुमारे १.३ पट. जोडाचं आयुष्य निम्म्याहून कमी झालं, आणि अजून खड्डा आलेलाच नाही. (चिऱ्याचं वजन खाणीनुसार आणि ओलीनुसार बदलतं. एकदा काट्यावर तोलून घ्या. पावसाळ्यातला भिजलेला जांभा अंदाज चुकवतो.)

दुसरी गोष्ट गॅरेजमध्ये सहसा कोणाला पटत नाही. चासीचं पोलाद कितीही ताकदीचं असो, टाक्याच्या कडेला थकव्याची ताकद साध्या लोखंडाएवढीच राहते. तिथे सूक्ष्म खाच असते, थंड होताना धातू आखडल्याचा ताण आत अडकलेला असतो. म्हणजे जिथे कंपनीने अखंड पत्रा दिला होता, तिथे आपण दुरुस्ती करून एक कमजोर रेघ ओढतो. मूळ कारण तसंच ठेवून वेल्डिंग मारलं तर दुसरा तडा पहिल्यापेक्षा लवकर येणारच.

तडा वाचायचा कसा

चासीचा चॅनल इंग्रजी सी अक्षरासारखा: एक उभी बाजू आणि वर-खाली दोन आडव्या बाजू. वाकण्याचा जास्तीत जास्त ताण वरच्या आणि खालच्या आडव्या बाजूंवर येतो. उभ्या बाजूच्या मध्यावर तो जवळपास शून्य. म्हणून तडा कुठून सुरू झाला यावरून भार कुठून येतोय ते कळतं. सुरुवातीच्या टोकाला तडा रुंद, गंजलेला आणि काळपट असतो. पुढच्या टोकाला बारीक आणि ताजा.

वरच्या आडव्या बाजूच्या कडेपासून सुरू होऊन खाली उतरणारा तडा: चासीचं मागचं टोक खाली लटकतंय. मागच्या एक्सलच्या मागे जास्त वजन आहे. हौद्याबाहेर गेलेले पाईप-सळया, मागच्या फाळक्याला टेकवून रचलेली पोती, मागे टांगलेलं जनित्र, जड ट्रेलरचा हूक. मागच्या ब्रॅकेटपासून एक मीटर मागे ठेवलेले २५० किलो तिथे २५० चा वाकवणारा जोर देतात (वजन किलोत गुणिले अंतर मीटरमध्ये). तेच वजन ४० सेंटीमीटरवर आणलं की १००. खड्ड्यात हा आकडा सहज दुप्पट होतो.

खालच्या आडव्या बाजूपासून वर चढणारा तडा, तोही केबिन आणि मागच्या एक्सलच्या मधल्या टप्प्यात: चासी मध्ये झोळ खातेय. नुसतं एकूण वजन जास्त असेल, किंवा पाण्याची टाकी, जनावरांचा पिंजरा असलं काही एकाच जागी टेकवलेलं असेल. मागच्या एक्सलच्या बरोबर वर खालची बाजू चेपलेली किंवा तिला खळगा पडलेला दिसला तर मात्र आधी बंप स्टॉपचं रबर जागेवर आहे का ते बघा. रबर गळून पडलं की एक्सल थेट चासीवर हातोडा मारतो.

उभ्या बाजूवर बोल्टच्या किंवा रिव्हेटच्या भोकातून निघालेला तडा वाकण्याचा नव्हे. ब्रॅकेट हलतंय, किंवा त्याला आडवा रेटा बसतोय. पाट्याचा बुश कडक झालेला, शॅकलची (पाट्याचं टोक झुलवणाऱ्या दुव्याची) पिन जाम, बोल्ट सैल. भोकाभोवती लालसर भुकटी दिसली तर जोड घासला जातोय हे नक्की.

क्रॉस मेंबर (दोन चॅनलना जोडणारा आडवा तुकडा) जिथे चॅनलला मिळतो त्या कोपऱ्यातले तडे पिळाचे. एक पुढचं चाक खड्ड्यात आणि तिरक्या बाजूचं मागचं चाक उंचवट्यावर, असा रस्ता रोजचा असला की चासी ओला टॉवेल पिळावा तशी पिळते. उघडा सी चॅनल पिळायला मऊ असतो, आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तो मऊपणा वर बसवलेल्या बॉडीने रोखला की पीळ कोपऱ्यात साचतो.

केबिनच्या लगेच मागे, हौद्याची चौकट जिथे सुरू होते नेमकी तिथे तडा असेल तर दोष बॉडी बांधणीचा. त्यावर खाली सविस्तर.

डोळ्याला खात्री वाटत नसेल तर डाय पेनिट्रंटचा, म्हणजे बारीक चीर रंगाने उठवून दाखवणारा, संच आणा: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. रंग आणि ग्रीस पूर्ण काढा, डाय मारून १५ मिनिटं थांबा, फडक्याने पुसा, डेव्हलपर फवारा. तड्याचं खरं टोक डोळ्याला दिसतं त्याच्या पाच-दहा मिलिमीटर पुढे असतं, आणि हेच अंतर सोडल्यामुळे निम्मी वेल्डिंगं वाया जातात. एका बाजूला तडा सापडला की दुसऱ्या बाजूच्या चॅनलला अगदी त्याच जागी डाय मारून बघा.

मापं

केबिन आणि हौदा यांच्यातली फट चार ठिकाणी मोजा: डावी-उजवी, वर-खाली. गाडी रिकामी, सपाट फरशीवर, टायरची हवा सारखी. वरची फट खालच्यापेक्षा रुंद झाली असेल तर मागचा भाग लटकलाय. वरची अरुंद झाली असेल तर मध्ये झोळ आहे. तड्याने सांगितलेलं आणि फटीने सांगितलेलं जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर आधी केबिन आणि हौद्याची रबर माउंटिंग बघा, ती बसली तरी फट बदलते.

मग ओळंबा घ्या. दोन्ही चॅनलवरच्या समोरासमोरच्या कारखान्याच्या भोकांतून जमिनीवर चार खुणा करा आणि दोन तिरकी अंतरं मोजा. कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली मर्यादा मिळाली तर तीच धरा. नसेल तर पाच मिलिमीटरच्या वरचा फरक म्हणजे चासी तिरकी झाली असं समजून पुढे जा. तिरक्या चासीवर तडा भरणं म्हणजे ती तिरकीच पक्की करणं.

पिळाची चाचणी सोपी. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक १५० मिलिमीटरच्या भक्कम ठोकळ्यांवर चढवा आणि बाहेर उभं राहून बॅटरीच्या उजेडात तडा बघा. उघडला की पीळ त्याच्यापर्यंत पोहोचतोय. मग ठोकळे तिरके बदलून तेच करा. या वेळी गाडीखाली शिरायचं नाही.

कारणं

बॉडी बांधणीपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त चासी तिथेच मरतात. कंपनीचा हौदा काढून जड लोखंडी हौदा किंवा टाकी बसवली जाते. तिच्याखालची चौकट भक्कम चॅनलची, पुढचं टोक चौकोनी कापलेलं, आणि चासीला वेल्ड करून टाकलेली. आता चौकटीखालची चासी वाकत नाही, पिळत नाही. चौकट संपते त्या एका रेषेवर सगळं येऊन पडतं. तिथे तडा येतो, त्यावर पट्टी पडते, तडा पट्टीच्या पुढे जातो.

यावर उपाय चौकट सैल करण्याचा आहे. चासीला केलेलं वेल्डिंग काळजीपूर्वक काढा. चौकटीची पुढची टोकं शेवटच्या १५०–२०० मिलिमीटरमध्ये खालून तिरकी कापून निमुळती करा, म्हणजे कडकपणा एकदम न संपता हळूहळू कमी होईल. चौकट आणि चासी यांच्यामध्ये पूर्ण लांबीभर कठीण लाकडाची किंवा कन्व्हेयर बेल्टच्या रबराची पट्टी घाला. मागच्या बाजूला घट्ट बोल्ट, आणि सगळ्यात पुढच्या दोन जागी बोल्टखाली दाबाची स्प्रिंग, म्हणजे पीळ आला की चौकट चासीपासून १०–१५ मिलिमीटर उचलली जाऊ शकते. यू बोल्टने आवळत असाल तर चॅनलच्या पोटात लाकडी किंवा लोखंडी ठेपा हवाच, नाहीतर आडव्या बाजू चेपतात आणि तिथून नवा तडा निघतो. पाण्याच्या टाकीत पाणी अडवणारे आडवे पडदे नसतील तर अर्धी भरलेली टाकी प्रत्येक ब्रेकला आणि चढाला चासीला धक्के देते. १,००० लिटर म्हणजे एक टन पाणी, टाकीचं लोखंड वेगळं.

जास्तीचा पाटा टाकणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. गाडी मागे बसत नाही, मालक खूश. पण पाटा वाढला म्हणून चासीची ताकद वाढत नाही. उलट पाटा कमी झुकतो आणि तोच खड्डा ब्रॅकेटला जास्त टोकदारपणे पोहोचतो. पाट्याची कमान वाढवून घेतली असेल तर शॅकल बघा: गाडी रिकामी असतानाच तो आडवा होऊन टेकलेला असेल, तर पाट्याला लांब व्हायला जागा उरत नाही आणि सगळा रेटा ब्रॅकेटवर जातो. पाटे मूळ संख्येवर आणा, बुश आणि पिना नव्या घाला, मेलेले शॉक ॲब्झॉर्बर बदला. खर्चाचं म्हणाल तर चासी एकदा उघडून वेल्ड करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

हौशी गाड्यांत पाट्यांच्या जोडीला हवेच्या मदतनीस बॅगा लावतात, चासी आणि एक्सल यांच्या मध्ये. पाट्यांचा भार पुढच्या आणि मागच्या ब्रॅकेटमध्ये वाटला जातो. बॅग तोच भार दोन ब्रॅकेटच्या मधल्या एका बिंदूवर देते. त्यात मागे ट्रेलर असला की चासी बॅगच्या माथ्यावर वाकते. ऑस्ट्रेलियात डबल केबिन पिकअपच्या वाकलेल्या चासींच्या तक्रारींमध्ये बॅगा आणि जड ट्रेलर ही जोडी वारंवार पुढे येते. बॅग गाडी सपाट दिसावी इतकीच फुगवायची. क्षमता वाढवायला तिचा उपयोग नाही.

विंच आणि ओढण्याच्या हुकांबद्दल इतकंच: हूक चासीच्या उभ्या बाजूला दोन्हीकडे, लांब पट्टीवर, बोल्टने. एकाच चॅनलच्या टोकाला वेल्ड केलेल्या हुकाने चिखलात रुतलेली गाडी झटका देऊन ओढली की ते टोक मुरडतं, आणि वेल्ड सुटला तर हूक गोळीसारखा सुटतो.

दुरुस्ती

कारण काढलं, मग तडा. हौदा उचलता आला तर उत्तम. निदान त्याचे बोल्ट सैल करा. जॅकस्टँड नुसत्या एक्सलखाली लावले तर चासीवरचा भार तसाच राहतो. स्टँड चॅनलखाली, तड्याच्या दोन्ही अंगांना लावा आणि तडा मिटेपर्यंत भार उतरवा. चॅनल वाकला असेल तर हायड्रॉलिक जॅकने थंड अवस्थेतच सरळ करा. गॅसची ज्योत लावून लाल केलेल्या पोलादाची मूळ ताकद परत येत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंजिनच्या ईसीयूचे (कंट्रोल कॉम्प्युटरचे) आणि अल्टरनेटरचे कनेक्टर सोडा. डिझेल टाकी, ब्रेकची नळी आणि चॅनलला धरून जाणारी वायरिंग बाजूला करा. अर्थचा क्लॅम्प त्याच चॅनलवर, टाक्यापासून फूटभराच्या आत. पाट्यावर ठिणगीसुद्धा पाडू नका. त्या एका डागापासून पाटा तुटतो.

तड्याच्या खऱ्या टोकाला ६ मिलिमीटरचं भोक पाडा. तडा पूर्ण जाडीतून सुमारे ६० अंशांचा व्ही आकार करून कोरा, तळाशी २ मिलिमीटर फट ठेवा, मागे तांब्याची पट्टी धरा. गॅरेजमध्ये सर्रास वापरला जाणारा ई ६०१३ रॉड इथे नको. ई ७०१८ घ्या, २.५ मिलिमीटर, डीसी, रॉड पॉझिटिव्हला, ७०–९० अँपिअर. पुडा फुटून हवेत राहिलेला ७०१८ ओल धरतो आणि टाक्यात हायड्रोजनचे तडे पाडतो, तेव्हा तो ओव्हनमध्ये सुमारे ३०० अंशांना तासभर भाजून घ्यावा लागतो. कोकणातल्या जुलैत हे पाळलं जात नाही, आणि ते टाक्यात दिसतं. मिग (तारेचं वेल्डिंग) असेल तर ईआर ७०एस-६ तार, आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणासोबत.

टाका भोकाकडून कडेकडे न्या. कडेला त्याच जाडीचा लोखंडाचा तुकडा तात्पुरता जोडा, टाका त्याच्यावर संपवा, मग तो कापून कड गुळगुळीत करा. कडेवरच संपवलेला टाका हाच पुढच्या तड्याचा जन्म. टाका पत्र्याच्या पातळीत घासा, आणि घासण्याच्या रेघा चासीच्या लांबीच्या दिशेने असू द्या. आडव्या रेघा म्हणजे आडव्या खाचा.

पट्टी दरवेळी लागतेच असं नाही. कारण दूर झालं आणि तडा लहान असेल तर नीट भरलेला, घासलेला टाका पुरतो. लागलीच तर ती उभ्या बाजूवर, जाडी चॅनलएवढी किंवा किंचित कमी, लांबी तड्याच्या दोन्ही बाजूंना चॅनलच्या उंचीच्या किमान दुप्पट. टोकं पतंगाच्या टोकासारखी निमुळती. टोकांवरून चॅनलच्या उंचीच्या दिशेने टाका अजिबात नको. लांब कडांचे टाकेही टोकाआधी २०–२५ मिलिमीटरवर थांबवा. वरच्या-खालच्या वळणापासून १५–२० मिलिमीटर दूर राहा. पट्टीच्या मध्ये २० मिलिमीटरची काही भोकं नागमोडी पाडून ती वेल्डने भरा.

रिव्हेट सैल असेल तर बोटाचं टोक जोडावर ठेवून दुसऱ्या बाजूने हातोडीचा हलका ठोका द्या, हालचाल लगेच कळते. सैल रिव्हेटवर टाका मारू नका. तो ड्रिलने काढा, भोक रीमरने गोल करा आणि घट्ट बसणारा १०.९ ग्रेडचा बोल्ट, कडक वॉशर आणि नवा लॉकनट घाला. कोरड्या थ्रेडवर एम १२ साठी सुमारे ११५ न्यूटन मीटर. तेलकट थ्रेडवर कमी. नवी भोकं फक्त उभ्या बाजूत, आडव्या बाजूंना ड्रिल लावायचा नाही.

शेवटी झिंकयुक्त प्रायमर, मग रंग. वेल्डची मागची बाजू विसरली जाते आणि गंज तिथूनच धरतो.

गंजाचा वेगळा रोग

वर सांगितलेलं सगळं निरोगी जाडीच्या पत्र्याला लागू. किनाऱ्यावरच्या गाडीत, विशेषतः मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्ये, बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून चासीवर ठिबकतं आणि पेटी चॅनलच्या (चारही बाजूंनी बंद चॅनलच्या) आत चिखलात साचतं. बाहेरून रंग शाबूत, आतून पापुद्रे. अमेरिकेत रस्त्यावरच्या मिठाने टोयोटा टॅकोमाच्या चासी अशाच खाल्ल्या: २००८ मध्ये १९९५ ते २००० च्या गाड्यांसाठी कंपनीने परतखरेदी जाहीर केली आणि २०१६ मध्ये नंतरच्या टॅकोमांसह काही टुंड्रा आणि सिकोया गाड्यांबाबत न्यायालयीन तडजोड झाली.

छोट्या हातोडीने चॅनल टप्प्याटप्प्याने वाजवत जा. टणक आवाज ठीक. भद्द आवाज येतो तिथे जाड स्क्रूड्रायव्हर दाबा. आत गेला तर त्या जागी वेल्डिंगचा विषय संपला, कारण टाका धरायला धातूच नाही. कापून मागे जाऊन जाड पत्रा मिळाला तरच जोड द्या, नाहीतर चासी बदला. बरा असलेला चॅनल पावसाळ्यानंतर निथळ भोकं उघडून आतून गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा आणि पोकळीत मारायचं मेण फवारा. जळकं ऑइल मारण्याची जुनी सवय सोडा: धूळ धरून तडे झाकतं, पाट्यांचे रबरी बुश फुगवतं.

दुरुस्तीनंतर

यू बोल्ट आणि नवे बोल्ट १०० किलोमीटरला, परत ५०० ला आवळून बघा. १,००० आणि ५,००० किलोमीटरला त्याच जागी डाय मारा. रंगाचा फिकट, पातळ थर दिला असेल तर गंजाची तांबडी रेघ डोळ्यालाच दिसते. दुरुस्तीनंतर तडा पट्टीच्या टोकापासून निघाला तर पट्टी चुकीची कापली आहे. जुन्या टाक्यातूनच उघडला तर वेल्डिंग कच्चं. आणि दोन्ही शाबूत राहून नव्याच जागी निघाला तर भार अजून तसाच आहे. पुन्हा फटीच्या मापापासून सुरू करा.

चासी बदलायची ठरली, किंवा चासी क्रमांक कोरलेल्या भागाला हात लावावा लागत असेल, तर काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. क्रमांकावर ग्राइंडर फिरला की नंतर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.